कोस, मजल आणि उड्डाणकाल

दोन विमानतळांमधील प्रवास नेहमी जोडीने सांगितला जातो : अंतर इतके, वेळ इतका. यांपैकी अंतर तेवढे स्थिर. मुंबई-लंडन हे हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. पण उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने लंडनला जाताना वेळ जास्त लागतो, परतताना कमी. वाट एक, काळ मात्र दोन.

बारामती व इंदापूर या शेजारच्या तालुक्यांकडे पाहताना ही जोडी जमिनीवरही फुटलेली आम्हांस दिसते. मोरोपंतांच्या बारामतीत आता धावपट्टी आहे, शिकाऊ वैमानिकांची विमाने तिच्यावर घिरट्या घालतात. तेथून इंदापूर सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही भरत नाही. लहान विमानाला पंधरा-वीस मिनिटे पुरेत. आषाढीला निघालेल्या तुकोबांच्या पालखीला मात्र त्यासाठी काही दिवस लागतात. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण, सणसरला मुक्काम, बेलवाडीला गोल रिंगण, पुढे अंथुर्णे, निमगाव केतकी, आणि मग इंदापूर. 'मजल' या शब्दात हा हिशेब मुरलेला आहे. मजल म्हणजे वाटेचा टप्पा आणि दिवसाची चालही. अंतर आणि वेळ अशी फारकत तो करीतच नाही.

ती फारकत या भागात आगगाडीने केली. पुण्याहून निघालेला लोहमार्ग 1858 मध्ये इंदापूर तालुक्यातील डिकसळपर्यंत पोहोचला, तेव्हा बोरघाटातील मार्ग तयारही नव्हता. तो 1863 मध्ये खुला झाला. तोवर मुंबईहून डिकसळला येणारा उतारू घाटाच्या पायथ्याशी गाडीतून उतरे, पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीने घाट चढे आणि वर पुन्हा गाडीत बसे. एकाच प्रवासात दोन युगांचे वेग! वेळापत्रकाचा इतिहास लिहिताना ही मधली पालखी सहसा गळते. आम्हांस तीच महत्त्वाची वाटते.

पुढे भीमेवर उजनी धरण झाले आणि 1980च्या सुमारास नदीचा जलाशय बनला. पळसदेवचे प्राचीन देऊळ बुडाले; पाणी फार आटले की ते आजही वर येते. लोहमार्गाला जागा बदलावी लागली. इंदापूर आणि पलीकडचा करमाळा या तालुक्यांतील काठची गावे पूर्वी नदीपुरती दूर होती. आता मध्ये विस्तीर्ण पाणी आले, आणि सडकेने जायचे तर फार मोठा वळसा पडू लागला. नकाशावरील सरळ रेषा होती तेवढीच राहिली; वाट मात्र कैक पटींनी लांबली. पाणथळीवर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांना याचे काही नाही, त्यांचे अंतर हवाईच.

माणसे वळसा टाळण्यासाठी होडीत बसतात. 21 मे 2024 रोजी करमाळ्यातील कुगाव येथून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली अशीच एक होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती.