नीरा-भीमा खोरे (बारामती-इंदापूर)

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा, उत्तरेला भीमा आणि दक्षिणेला नीरा यांच्या बेचक्यातला पठारी प्रदेश. बारामती आणि इंदापूर हे तालुके यात मोडतात. पुरंदरकडून येणारी कऱ्हा बारामती शहर ओलांडून सोनगावला नीरेत मिसळते. नीरा पुढे नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. वर्षाचा पाऊस सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी.

खोरे म्हटले की डोळ्यांपुढे उभे कडे येतात. इथे तसे काही नाही. पाटसवरून एसटीने बारामतीला जाणाऱ्याला आपण खोऱ्यात उतरलो हे कळतही नाही. हिमालयात हिमनद्यांनी डोंगर खरवडून रुंद तळाच्या, खड्या भिंतींच्या दऱ्या कोरल्या. या मुलखात बर्फाचे हत्यार कधी चाललेच नाही. महाराष्ट्रात हिमनदीच्या खुणा पाहायच्या तर चंद्रपूरजवळ इरई नदीकाठी जावे लागते. तिथल्या चुनखडकावरचे ओरखडे सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे बारामतीचा काळा कातळ जन्मण्याच्या कितीतरी आधीचे आहेत.

हा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. जमिनीच्या भेगांतून उसळलेला लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि दख्खनचे पठार उभे राहिले. थर जवळजवळ आडवे, म्हणून माळही सपाट. पुरंदरच्या डोंगरांत या थरांच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात; इंदापूरकडे जाता जाता त्या झिजून नुसते चढउतार उरतात. वर मुरूम, त्याखाली भेगाळ खडक आणि मग घट्ट काळा पाषाण, असा इथल्या विहिरीचा साधारण क्रम. पाणी मुरते ते वरच्या झिजलेल्या आणि भेगाळ भागात. खालचा पाषाण अखंड असला, तर कितीही खोल गेले तरी बोअर कोरडीच जाते.

बर्फ आले नाही, पण हिमयुगाने या नद्यांना मोकळे सोडले नाही. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी हिमालयात हिमनद्या फुगल्या होत्या, तेव्हा इकडे मोसमी पाऊस रोडावला. पाण्याला जोर नाही, म्हणून नद्यांनी गाळ वाहून न नेता पात्रातच टाकला. पुढे पाऊस वाढला आणि त्याच नद्यांनी आपलाच गाळ चिरला. कऱ्हाकाठी दिसणाऱ्या, चुनखडीचे खडे मिसळलेल्या फिकट मातीच्या दरडी अशा घडत गेल्या.

या खोऱ्यातली सर्वांत नवलाची वस्तू मात्र मोरगावला आहे. अष्टविनायकांतल्या पहिल्या गणपतीचे हे गाव. तिथेच कऱ्हेच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो. ही राख तीन हजार किलोमीटरहून दूर असलेल्या, सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची. ती 74,000 वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याहून कितीतरी जुन्या स्फोटाची, यावर अभ्यासकांत वाद आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथे अश्मयुगीन हत्यारेही उकरून काढली. त्यामुळे राखेचे वय ठरवणे म्हणजे ती हत्यारे घडवणाऱ्या माणसाच्या काळाचाही अंदाज बांधणे.

जमिनीचे रूप शंभर पावलांत पालटते. उंचवट्यावर बरड माळ. तिथे कुसळी गवत आणि चिंकारा. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य आणि इंदापुरातला कडबनवाडीचा माळ ही त्याची उरलेली ठिकाणे. उताराखाली नदीकडे भारी काळी जमीन. नीरा डावा कालवा आल्यावर या काळ्या जमिनीत ऊस उभा राहिला, पण निचरा नसलेल्या ठिकाणी मीठ वर आले आणि रान चोपण झाले. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरल्ड मॅन यांनी व्ही. ए. ताम्हाणे यांच्यासह नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर 1910 सालीच स्वतंत्र पुस्तिका लिहिली. शंभर वर्षांपूर्वी कळलेली ही गोष्ट उसाला पाट मोकळा सोडताना आजही विसरली जाते.

भूरूपातला सर्वांत मोठा बदल मात्र अगदी अलीकडचा आहे. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेचा उथळ काठ कित्येक किलोमीटर पाण्याखाली गेला. खोरे पसरट असल्याने पाणी खोलीपेक्षा रुंदीत वाढले. भिगवणजवळ दलदल तयार झाली आणि तिथे रोहित पक्षी उतरू लागले. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर होते आणि पळसदेवला बुडालेल्या जुन्या पळसनाथ मंदिराचे शिखर पाण्याबाहेर येते.