प्रदर्शनाच्या मांडवातली सरकी

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला ‘शाश्वत शेती’ हा विषय आला की कोणत्या टेबलावर काय असणार, हे मला आता पाठ झालंय. निंबोळी अर्काची बाटली, दशपर्णी अर्काची तोंड बांधलेली बादली, पक्ष्यांना बसायला रोवलेले थांबे, गांडूळखत, शेण-गोमूत्रात घोळवलेलं बियाणं. परीक्षक येतात, बाटली उचलून पाहतात आणि विचारतात, ‘‘यात नवीन काय?’’ पोरगं गप्प होतं. वरवट बकालला मी नोकरीभर विज्ञान शिकवलं. निवृत्त झालो तरी मुलं प्रकल्पाच्या वह्या घेऊन घरी येतात, आणि या एका प्रश्नापाशी अडलेली पोरं मी खूप पाहिली आहेत. माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे. आपल्या भागात शेतीची प्रदर्शनं दीडशेहून अधिक वर्षांपासून भरताहेत, आणि त्यांत नवीन कशाला म्हणायचं हे बहुतेक वेळा बाहेरच्यांनीच ठरवलं.

डिसेंबर १८६५ मध्ये नागपूरला मोठं प्रदर्शन भरलं. रिचर्ड टेंपल तेव्हा मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते. अमेरिकेतलं यादवी युद्ध त्याच वर्षी संपलं होतं. युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला होता आणि सगळ्यांची नजर वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीकडे वळली होती. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेलं. पुढे कापसासाठी वेगळं खातं निघालं, रिव्हेट-कार्नाक नावाचा अधिकारी त्यावर बसला, १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला तो केवळ कापसासाठी, आणि त्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. जेमतेम तेरा किलोमीटरच्या रुळांसाठी व्हाइसरॉय! कापसाचं तेव्हाचं वजन यावरून कळावं.

या साऱ्या खटाटोपात प्रश्न एकच होता: धागा लांब आणि स्वच्छ कसा मिळेल? वऱ्हाडचा जुना ‘बनी’ कापूस लांब धाग्याचा, साहेबांच्या आवडीचा. पण शेतकरी हळूहळू आखूड धाग्याच्या ‘जरी’कडे वळला, कारण ती कणखर होती आणि तिचं उत्पन्न भरवशाचं होतं. अधिकारी लिहीत राहिले की वऱ्हाडातला कापूस बिघडला. आपल्या पावसाला आणि आपल्या मातीला काय झेपतं, हा शेतकऱ्याचा हिशोब होता. प्रदर्शनाच्या पदकात त्या हिशोबाला जागा नव्हती.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी पोरांना कधी सांगत नाही. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यामागोमाग १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडाने भोगला तो कापसाच्या भरभराटीच्या काळातच. लक्ष्मण सत्या या इतिहासकाराचं वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळावरचं इंग्रजी पुस्तक १९९७ मध्ये आलं. कापसाच्या मागे लागून चराऊ जमीन गेली, जनावरं गेली, घरातलं धान्य गेलं, हे त्यात सविस्तर मांडलंय. आमचा जळगाव जामोद तालुका तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. १९०५ च्या फेररचनेत तो बुलढाण्याला आला आणि पुढे त्यातूनच संग्रामपूर तालुका निघाला.

आता ती शेणात घोळवलेल्या बियाण्याची वाटी. मुलं तिच्यावर ‘बीजामृत’ अशी चिठ्ठी लावतात: पाच किलो शेण, पाच लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम चुना, मूठभर माती, वीस लिटर पाणी. ही कृती सुभाष पाळेकरांनी गावोगाव नेली, आणि ते आपल्याच विदर्भातले. पण मी लहानपणी माझ्या आजीला मृगाच्या आधी हेच काम करताना पाहिलंय. अंगणात बाज टाकायची, विणीवर सरकी ओतायची, शेण आणि पांढरी माती पाण्यात कालवून तिच्यावर शिंपायची आणि तळव्याने चोळायची. चोळता चोळता सरकीची लव शेणात बसून जायची, दाणा न्‌ दाणा सुटा व्हायचा आणि विणीच्या भोकांतून खाली पडायचा. खाली सावलीत पसरलेली सरकी वाळली की करडी, गोल, गुळगुळीत दिसायची. कशाला चोळते म्हणून विचारलं तर म्हणायची, ‘‘लव राह्यली त सरकी एकमेकीले धरते बावा, सरत्यात अटकते.’’ तिफणीमागे सरतं धरून चालणाऱ्या बायांच्या मुठीतून दाणा सुटा पडला पाहिजे, हे तिचं कारण. शेणातल्या जिवाणूंचं तिला ठाऊक नव्हतं. पण तासात दाणा एकेक पडणं म्हणजे उगवण सारखी होणं, आणि उगवण सारखी तर डवरा सरळ, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आजची सरकी पाकिटातून येते. सल्फ्युरिक आम्लात धुऊन लव काढलेली, कीटकनाशकाचा रंग चढवलेली. शेणाची गरजच उरली नाही. उरली असती तरी शेण आणायचं कुठून? १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. दाणा वाढला, पण ताट बुटकं झालं आणि कडबा घटला. पुढे ज्वारीच शिवारातून मागे हटत गेली. कडबा गेला तशी दावण रिकामी झाली, आणि दावण रिकामी झाली तसा उकिरडा बसला. प्रकल्प करणाऱ्या मुलीला शेणासाठी गल्ली फिरावी लागते तेव्हा मी तिला हीच साखळी वहीत उतरवायला लावतो. तिच्या बीजामृतापेक्षा मला ते पान जास्त मोलाचं वाटतं.

उकिरड्यावरून यशवंत वाड आठवतात. आमच्या उत्तरेला सातपुडा, त्याच्यापलीकडे बऱ्हाणपूर, खंडवा आणि मग इंदूर. तिथल्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ पर्यंत काम करत होते. संस्था उभी राहिली होती कापसासाठी, पैसाही बराचसा मध्यवर्ती कापूस समितीचा. हॉवर्डनी मात्र कापसाच्या वाणाआधी माती धरली. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर लावायचे, ठरल्या वेळी चाळवायचे, आणि तीन महिन्यांत खत तयार. हीच ‘इंदूर पद्धत’. १९३१ मध्ये त्यावर पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्या शेजारी नाव आहे वाड यांचं. जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांना हॉवर्ड ठाऊक आहेत, वाड आपल्या पाठ्यपुस्तकातसुद्धा नाहीत, याची मला मनापासून खंत आहे.

त्या पद्धतीतली एक युक्ती मी दरवर्षी वर्गात सांगायचो. पऱ्हाटी कठीण, लवकर कुजत नाही. आपल्याकडे ती चुलीत जाते नाहीतर धुऱ्यावर पेटते. इंदूरला त्यांनी पऱ्हाट्या बंड्यांच्या रस्त्यावर अंथरल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली त्या चिरडून मऊ झाल्या की उचलून खताच्या खड्ड्यात. ना यंत्र, ना खर्च. आज श्रेडरचा प्रकल्प घेऊन येणाऱ्या मुलाला हे ठाऊक असलं तर तो आपल्या यंत्राकडेही वेगळ्या नजरेने पाहील.

स्वातंत्र्यानंतर प्रदर्शनांना वेगळं रूप दिलं ते डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुखांनी. पापळसारख्या खेड्यातून निघालेला हा माणूस १९५२ ते १९६२ देशाचा कृषिमंत्री होता. डिसेंबर १९५९ मध्ये त्यांनी दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर उद्घाटनाला आले होते. आपल्या शेतकऱ्याने जग पाहावं ही त्यामागची तळमळ खरीच होती, आणि भाऊसाहेबांबद्दल वऱ्हाडात कुणाच्या मनात दुमत नाही. पण तो काळच यंत्राचा, संकरित बियाण्याचा आणि रासायनिक खताचा होता. भुकेला देश होता. शेताला निसर्गाकडून काय फुकट मिळतं, हे विचारायची सवड तेव्हा कुणाला नव्हती.

पुढचं सगळं आपल्या डोळ्यांदेखत घडलं. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. सुरुवातीला बोंडअळी हटली, फवारण्या कमी झाल्या, हे खरं आहे आणि मुलांनी ते लिहिलंच पाहिजे. सोबत बिगर-बीटी सरकीची १२० ग्रॅमची पुडी यायची, शेताच्या कडेने लावायला. अळीला तिथे आसरा मिळाला की तिची प्रतिकारशक्ती लवकर वाढत नाही, हा त्यामागचा विचार. निसर्गाच्याच नियमावर बेतलेला उपाय होता तो. पण त्याचं कारण शेतकऱ्याला कुणी नीट समजावून सांगितलं नाही, आणि कितीतरी पुड्या धुऱ्यावरच पडल्या. त्यात फरदडीची, म्हणजे वेचणी संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवायची सवय लागली. जुना देशी कापूस लवकर आटपायचा, पऱ्हाटी उपटून व्हायची, धनगरांची मेंढरं शेतात बसायची. लेंडीखत मिळायचं आणि पडलेली बोंडंही साफ व्हायची. फरदड ठेवल्यावर गुलाबी बोंडअळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळू लागलं. २०१७ ला तिने विदर्भाचा कापूस खाल्ला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर प्रदर्शनात निंबोळी अर्काच्या बाटल्या वाढल्या. मुलं फॅशन म्हणून त्या आणत नव्हती. घरोघरी भीती शिरली होती.

त्या बाटलीला ‘नवीन काय’ विचारणाऱ्यांना मी युरोपातल्या खटल्याची गोष्ट सांगतो. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९६२ मध्ये निंबोळीच्या गराचं पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाही, हे शेतावर दाखवलं गेलं होतं. तरीही १९९४ मध्ये युरोपच्या पेटंट कार्यालयाने निंबाच्या तेलापासून बुरशीनाशक करण्याचं पेटंट अमेरिकन सरकारचं शेतीखातं आणि एका कंपनीला दिलं. ते २००० मध्ये रद्द झालं आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. ‘आमच्याकडे पूर्वापार चालतं’ एवढ्यावर काम भागलं नव्हतं. तिथे वजन पडलं ते पुण्याच्या एका उद्योजकाच्या पुराव्याचं. १९८५ च्या सुमारास पुणे-सांगली भागात शेतकऱ्यांबरोबर घेतलेल्या चाचण्या त्याने समोर ठेवल्या होत्या. कुठे, कधी, कोणाच्या शेतात. पोरांच्या वहीचं मोल इथे आहे. पाच किलो निंबोळ्या कुटल्या, रात्रभर भिजवल्या, गाळून शंभर लिटर पाणी केलं, हे कोणीही लिहील. निंबोळ्या सावलीत वाळवल्या की उन्हात, कोणत्या झाडाच्या, मावा किती पानांवर होता, चौथ्या दिवशी किती उरला आणि ही कृती कोणी सांगितली. एवढं लिहिलं की तो पुरावा होतो.

विद्यार्थ्यांच्या स्पर्धा आज पुष्कळ आहेत. विद्यापीठांची ‘आविष्कार’ २००६ पासून आहे, शाळकरी मुलांना ‘इन्स्पायर’चे दहा हजार मिळतात. पण मला सगळ्यांत जवळची वाटली ती १९९३ ला सुरू झालेली राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद. तिचा नियमच असा की प्रश्न आपल्या गावातला हवा, मुलांनी स्वतः मोजलेला हवा आणि मांडणी आपल्या भाषेत चालेल. प्रदर्शनाच्या दीडशे वर्षांत प्रश्न निवडायचा अधिकार गावाकडे आला तो इथे.

आणि आमच्याकडचा प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. शेगावहून निघून खिरोड्याच्या पुलावर पूर्णा ओलांडली की दोन्हीकडे खारपाणाचा पट्टा. अमरावती, अकोला, बुलढाण्याची शेकडो गावं त्यात आहेत. विहीर खोदावी तर पाणी मचूळ. ते पिकाला दिलं की त्यातला सोडियम काळ्या मातीचे कण विस्कटतो, माती चिकट होते, वाळली की दगड, आणि पुढचा पाऊस मुरत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला सोनाळा-टुनकीकडे गोडं पाणी आणि संत्र्याच्या बागा. थोडं दक्षिणेला उतरलं की चित्र पालटतं. शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी, जिप्सम, ढेंचा किंवा बोरू गाडून केलेलं हिरवळीचं खत, हे उपाय अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने सांगितलेले आहेत. त्यातला कोणता उपाय आपल्या शिवारात कितपत लागू पडतो, हे शिवारागणिक तपासावं लागेल, आणि ते काम आठवी-नववीची पोरं करू शकतात. क्षारता मोजायचं लहान यंत्र परवडण्याजोगं आहे. आमच्याकडची काही मुलं गावातल्या विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी आणि दसऱ्यानंतर मोजतात, आणि शेजारच्या रकान्यात त्या विहिरीबद्दल घरातल्या म्हाताऱ्या माणसाने काय सांगितलं ते लिहितात: हिचं पाणी आधी पीत होतो, हिच्यावर फक्त धुणं, ही खोल केल्यापासून बिघडली.

अडचण एवढीच की स्पर्धेचा अर्ज दरसाल नवा प्रकल्प मागतो. ढेंचा गाडलेल्या वावरात फरक दिसायला दोन-तीन हंगाम जातात. गेल्या साली आठवीने धरलेली वही यंदा नववीने पुढे चालवली, तर ‘जुनाच प्रकल्प’ म्हणून तो बाजूला पडतो. तालुक्याच्या समितीला माझी विनंती आहे की किमान शेतीच्या गटात तोच प्रकल्प तीन वर्षं आणायची मुभा द्यावी, आणि दर वर्षीच्या नोंदी मागच्या वर्षीच्या नोंदींशेजारी ठेवून तपासाव्यात. विहिरींच्या वह्या माझ्या कपाटात आहेत. ज्या शाळेला हव्यात तिने येऊन न्याव्यात.