नारायामा बुशिको

नारायामा बुशिको : (१९५८). काबुकी रंगभूमीचे संकेत चित्रपटमाध्यमात हेतुपुरस्सर योजणारा अभिजात जपानी चित्रपट. दिग्दर्शक केइसुके किनोशिता (१९१२–९८). निर्मिती शोचिकू कंपनीची. रंगीत, रुंद पडद्यासाठी चित्रित. कालावधी ९८ मिनिटे. शिचिरो फुकाझावा (१९१४–८७) यांच्या १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या कथेवर तो आधारलेला आहे. ‘नारायामा’ म्हणजे ओक वृक्षांचा डोंगर. शीर्षकाचा अर्थ सामान्यतः ‘नारायामाच्या गीतांविषयीचे चिंतन’ असा होतो.

कथानक : डोंगराळ भागातील एका दरिद्री खेड्यात सत्तरी गाठलेल्या माणसाने नारायामा पर्वतावर जाऊन मरण पतकरावे, अशी रूढी आहे. वृद्धाला त्याचा मुलगा पाठीवर घेऊन जातो. वाटेत बोलायचे नाही आणि परतताना मागे वळून पाहायचे नाही, असा दंडक असतो. एकोणसत्तर वर्षांची ओरिन धट्टीकट्टी व कामसू आहे. तिचे दात शाबूत आहेत. परंतु जेथे घासघास मोजून खावा लागतो तेथे म्हाताऱ्या माणसाचे मजबूत दात हा थट्टेचा विषय होतो. खुद्द तिचा नातूच त्यावर गाणी रचतो. अखेर ओरिन दगडी जात्यावर आपटून आपले पुढचे दात पाडून घेते. विधुर मुलगा तात्सुहेइ याच्यासाठी तामा ही दुसरी बायको घरात येताच आपले कर्तव्य संपले असे मानून ती पर्वतावर जाण्याची तयारी करू लागते. तात्सुहेइचे मन मात्र तयार होत नाही. शेजारचा वृद्ध माता मरणाला भितो. पर्वतावर जायला नकार देतो आणि उपाशी अवस्थेत दारोदार हिंडतो. त्याचा मुलगा त्याला दोरीने बांधून नेतो व कड्यावरून ढकलून देतो. स्वेच्छेने जाणारी ओरिन आणि जबरदस्तीने नेला जाणारा माता यांच्या विरोधातून रूढीची दोन्ही रूपे प्रेक्षकासमोर येतात.

आख्यायिका व इतिहास : वृद्धांना डोंगरावर सोडून येण्याच्या कथा जपानमध्ये ‘ओबासुते’ या नावाने ओळखल्या जातात. दहाव्या शतकातील यामातो मोनोगातारी या कथासंग्रहात, आपल्याला वाढविणाऱ्या वृद्धेला डोंगरावर सोडून आलेला आणि चांदण्या रात्री पश्चात्ताप होऊन तिला परत आणणारा तरुण आढळतो. नो नाट्यातही हा विषय हाताळला गेला आहे. वृद्धांना हाकलून देणाऱ्या देशाची एक कथा पाचव्या शतकात चिनी भाषेत आलेल्या एका भारतीय बौद्ध कथासंग्रहात आहे. ती जपानपर्यंत पोहोचली. अशी प्रथा जपानमध्ये सर्वत्र रूढ होती, असे दाखविणारा खात्रीशीर पुरावा नाही. दुष्काळात माणसे टाकून दिल्याच्या घटना आणि नियमित रूढी या वेगळ्या गोष्टी होत. फुकाझावा यांनी आख्यायिकेलाच रूढीचे, रूढीला गीतांचे आणि गीतांना दैनंदिन व्यवहाराचे रूप दिले. किनोशितांनीही ही कथा इतिहास म्हणून न सांगता आख्यायिका म्हणूनच मांडली. चित्रपटाच्या रचनेचे मूळ या निर्णयात आहे.

काबुकी आणि जपानी चित्रपट : जपानी चित्रपटाचा जन्मच काबुकीच्या सावलीत झाला. १८९९ मध्ये चित्रित झालेला मोमिजिगारी हा उपलब्ध जपानी चित्रपटांपैकी अगदी आरंभीचा चित्रपट नववा दानजूरो आणि पाचवा किकुगोरो या काबुकी नटांचा प्रयोग टिपतो. आरंभीच्या चित्रपटांत स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत आणि पडद्याशेजारी उभा राहून ‘बेन्शी’ कथा सांगत असे. शोचिकू ही संस्थाही मूळची नाट्यव्यवसायातील. १८९५ पासून रंगभूमीच्या व्यवस्थापनात असलेली ही संस्था १९२० मध्ये चित्रपटनिर्मितीकडे वळली. त्याच सुमारास रंगभूमीचे ओझे झुगारून स्त्री-नटी, नैसर्गिक अभिनय व बाह्यचित्रण स्वीकारण्याची चळवळ बळावली. पुढील तीन-चार दशकांत जपानी चित्रपटाने वास्तवदर्शनात मोठी मजल मारली. किनोशिता स्वतः त्याच परंपरेतले होते. जपानमधील पहिला पूर्ण लांबीचा रंगीत चित्रपट (१९५१) त्यांचाच. १९५३ च्या एका चित्रपटात त्यांनी मुलांनी दूर लोटलेल्या आईची कथा वृत्तचित्रांचे तुकडे जोडून सांगितली होती. नारायामा बुशिको मध्ये त्यांनी काबुकीकडे धरलेली वाट ही सवयीने केलेली पुनरावृत्ती नव्हती. वास्तववाद पूर्णपणे आत्मसात केलेल्या दिग्दर्शकाची ती विचारपूर्वक केलेली निवड होती.

रचना व दृश्यरूप : चित्रपटाच्या आरंभी काळ्या वेषातील, तोंड झाकलेला रंगसेवक लाकडी ठोकळ्यांचा आवाज करून खेळाची घोषणा करतो आणि पट्ट्यापट्ट्यांचा पडदा सरकतो. त्यानंतरची जवळजवळ सर्व कथा चित्रपटनिर्मितिगृहात उभारलेल्या नेपथ्यात घडते. डोंगर, ओढा, शेत, धुके, आकाश ही सर्व रंगविलेली आहेत आणि ती तशी आहेत हे लपविलेले नाही. पार्श्वभूमीचा पडदा अकस्मात खाली पडतो आणि त्यामागे पुढचे स्थळ दिसते. दोन प्रसंगांमधील छेदाऐवजी येथे काबुकीतील स्थलांतराची युक्ती वापरली आहे. प्रकाश नैसर्गिक कारणांनी बदलत नाही, तो भावनेनुसार बदलतो. आकाश एकाएकी रक्तवर्ण होते, चेहऱ्यावर हिरवी छटा पसरते किंवा भोवतालचा प्रकाश मावळून एकच व्यक्ती उजळून राहते. शामिसेनच्या साथीने गाणारा निवेदक प्रसंग सांगतो, पात्रांच्या मनातील भाव बोलून दाखवितो आणि काळ पुढे नेतो. जोरूरी व नागाउता या पारंपरिक गायनप्रकारांतील संगीत त्या क्षेत्रातील कलावंतांनीच दिले आहे. कॅमेरा मात्र प्रेक्षागृहात खिळून राहत नाही. तो नेपथ्याच्या आत शिरतो, त्याला समांतर सरकतो व पात्रांबरोबर चालतो. त्यामुळे हा चित्रित केलेला नाट्यप्रयोग ठरत नाही.

या पद्धतीचा कळस पर्वतारोहणाच्या दीर्घ प्रसंगात आहे. काबुकी व बाहुलीनाट्यात मृत्यूकडे निघालेल्या पात्रांच्या प्रवासाचा ‘मिचियुकी’ हा स्वतंत्र प्रवेश असतो. किनोशितांनी तोच आधार घेऊन आई व मुलगा यांचा निःशब्द प्रवास रचला आहे. माथ्यावर हाडे विखुरलेली आहेत व कावळे बसलेले आहेत. मुलगा आईला ठेवून परत फिरतो, तोच बर्फ पडू लागते. ओरिनने आधीच भाकीत केलेले हे शुभचिन्ह आहे, कारण थंडीने तिचा अंत लवकर होईल. दंडक मोडून तात्सुहेइ मागे धावतो आणि बर्फ पडत असल्याचे तिला सांगतो. ती हाताने त्याला जाण्यास खुणावते. कर्तव्य व माया यांचा संघर्ष हा काबुकीतील जुना विषय. येथे कर्तव्य पूर्ण पाळले जाते, परंतु मायेने मोडलेला एक नियम प्रेक्षकाच्या लक्षात राहतो.

किनुयो तानाका (१९०९–७७) यांनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ओरिनची भूमिका केली. किनोशितांच्याच १९४४ च्या चित्रपटात त्यांनी युद्धावर निघालेल्या मुलाच्या पलटणीमागे धावणारी आई रंगविली होती. समाज जो त्याग मागतो त्याला नकार न देणारी, पण त्याची किंमत चेहऱ्यावर दाखविणारी आई दोन्हींकडे दिसते. युद्धसमाप्तीनंतर अवघ्या तेरा वर्षांनी हा चित्रपट पाहणाऱ्या प्रेक्षकाला या साधर्म्याची जाणीव होणे स्वाभाविक होते. तेइजी ताकाहाशी (तात्सुहेइ), युको मोचिझुकी (तामा) व सेइजी मियागुची (माता) यांच्या भूमिकाही उल्लेखनीय आहेत.

शेवटच्या अल्प दृश्यात रंगविलेले जग संपते. रंग जवळजवळ नाहीसे होतात; खऱ्या हिमाच्छादित प्रदेशातून आगगाडी येते आणि स्थानकाच्या फलकावर ‘ओबासुते’ हे नाव दिसते. नागानो विभागातील हे स्थानक प्रत्यक्षात आहे. ज्या गोष्टीकडे प्रेक्षक आतापर्यंत नाटक म्हणून पाहत होता, तिचे नाव त्याच्या स्वतःच्या काळातील भूमीवर लिहिलेले त्याला दिसते. संपूर्ण कृत्रिमतेचे प्रयोजन येथे स्पष्ट होते. क्रौर्याचे हुबेहूब चित्रण केले असते, तर ‘दूरच्या रानटी लोकांची चाल’ म्हणून ते बाजूला सारता आले असते. काबुकीच्या संकेतांमुळे प्रेक्षक कथेपासून अंतरावर राहतो, तिच्यातील प्रश्नापासून मात्र सुटत नाही.

मूल्यमापन व प्रभाव : किनेमा जुंपो या नियतकालिकाच्या १९५८ च्या निवडीत या चित्रपटाला पहिले स्थान मिळाले. त्याच वर्षी तो व्हेनिस महोत्सवाच्या स्पर्धेत होता. तेथील सर्वोच्च पारितोषिक हिरोशी इनागाकी या दुसऱ्या जपानी दिग्दर्शकाच्या चित्रपटाला गेले. रंगभूमीचे संकेत मोकळेपणाने वापरण्याची वाट कोन इचिकावा यांनी १९६३ मध्ये आणि मासाहिरो शिनोदा यांनी १९६९ मध्ये आपापल्या परीने पुढे नेली. शिनोदांच्या चित्रपटात काळ्या वेषातील रंगसेवक पात्रांना मृत्यूकडे नेताना दिसतात. शोहेइ इमामुरा यांनी १९८३ मध्ये फुकाझावांच्या कथेवर नवा चित्रपट काढला व त्याला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. इमामुरांनी खऱ्या डोंगरात चित्रण करून माणसाला प्राणिसृष्टीचा घटक म्हणून पाहिले. किनोशितांनी त्याला रूढीच्या रंगमंचावरील पात्र म्हणून पाहिले. एकाच कथेची ही दोन परस्परविरुद्ध रूपे जपानी चित्रपटाच्या इतिहासात एकमेकांशेजारी ठेवूनच अभ्यासली जातात.