खोनोम्याचा उत्तीस

ईशान्येतील झूम शेतीची ओळख आपल्याकडे बहुधा ‘जंगल जाळणारी शेती’ एवढीच असते. ब्रिटिश वनखात्याची ही दृष्टी आपण फारशी न तपासता स्वीकारली. नागालँडमधील खोनोमा हे अंगामी नागांचे गाव मात्र तिला छेद देते. आणि त्याला कारण आहे एक झाड.

नेपाळी भाषेत त्याला उत्तीस म्हणतात. डेव्हिड डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ साली त्याला ‘आल्नस नेपालेन्सिस’ हे नाव दिले. कूळ भूर्जाचे. हिमालयापासून म्यानमार-युनानपर्यंत, साधारण ५०० ते ३,००० मीटर उंचीवर, ओढ्याकाठी आणि विशेषतः दरड कोसळून उघड्या पडलेल्या उतारावर ते आधी रुजते. इतरांना न मानवणारी ही जमीन त्याला मानवते, कारण त्याच्या मुळांवरील गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतील नत्र जमिनीला मिळवून देतात. एरवी हे काम आपण द्विदल पिकांचेच समजतो.

खोनोम्याच्या शेतकऱ्यांनी हा गुण पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून हेरला. ते झाड मुळावर तोडत नाहीत. पुरुषभर उंचीवर खोड छाटतात, जखमेवर चिखल लिंपतात, क्वचित वर दगडही ठेवतात. जाड लाकूड सरपणाला जाते, डहाळ्या शेतातच जाळून राख पसरतात. मग दोन वर्षे मका, बटाटा, भरडधान्ये. त्यानंतर जमीन पडीक. पण खोडाला फुटलेले धुमारे वाढत असतात आणि पालापाचोळा झडत असतो. त्यामुळे इतरत्र झुमाला दीर्घ विश्रांती लागते, तिथे येथे दोन-चार वर्षे पुरतात. (राबासाठी ऐनाच्या फांद्या छाटणाऱ्या आपल्या कोकणातील शेतकऱ्याला यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. त्यालाही वनखात्याने जंगलाचा शत्रूच ठरवले होते.)

इतिहासाच्या पुस्तकांत खोनोमा येतो तो लढाईमुळे. ऑक्टोबर १८७९ मध्ये पोलिटिकल ऑफिसर डॅमंट तेथे मारला गेला. ब्रिटिश फौजेने गावावर चाल केली आणि मार्च १८८० मध्ये लढा संपला. शिक्षा म्हणून गावाची पायऱ्यांची भातशेती जप्त झाली, वस्ती पांगवली गेली. ज्यांच्याकडून जमीन हिरावली, त्यांनाच पुढे जमिनीची निगा राखता येत नाही असे म्हटले जावे, हा विरोधाभास मला त्या लढाईपेक्षा अधिक बोलका वाटतो.

लोक परतले. छाटणीच्या जागी गाठाळ, फुगीर डोकी झालेले जुने उत्तीस खोनोम्याच्या उतारांवर आजही उभे आहेत आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत पेरणी होते.