मुदत कुणाच्या हाती?

आज आपण एका छोट्या शब्दाचा इतिहास ऐकणार आहोत. तो शब्द म्हणजे मुदत. पीकविम्याच्या अर्जाची मुदत, गटाच्या हप्त्याची मुदत, हे आपल्या रोजच्या बोलण्यातलं. पण सरकारी कामावर असलेल्या बाईला बाई म्हणून त्रास झाला, डावललं गेलं, तर तिच्या तक्रारीला आणि त्यापुढच्या अपिलालाही मुदत असते. ही मुदत कुठून आली, तिचा फायदा कुणी घेतला आणि आज ती आपल्याला कुठे आडवी येते, ते समजून घेऊ.

गोष्ट सुरू होते इंग्रजांच्या राज्यात, १८५९ साली. त्या वर्षी मुदतीचा कायदा आला. साध्या कर्जखताची मुदत तीन वर्षं ठरली. सावकाराने वर्षानुवर्षं व्याज साठवू नये, हा त्यामागचा एक हेतू. पण सावकाराला तारीख वाचता येत होती, कुणब्याला येत नव्हती. तीन वर्षं भरत आली की सावकार नवं खत लिहून घ्यायचा. जुनं व्याज मुद्दलात मिळवायचा आणि त्या सगळ्यावर पुन्हा व्याज लावायचा. शेतकरी अंगठा द्यायचा. शेतकऱ्यासाठी केलेली मुदत अशी त्याच्याच गळ्याचा फास झाली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि खतं हिसकावून जाळली. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरलं. पुढे १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला आणि मुदत वाढवून दिली.

यातून आपण एक गोष्ट गाठीला बांधू. मुदत चांगली किंवा वाईट नसते. ती ज्याला माहीत असते, त्याच्या बाजूने धावते.

आता नोकरीकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर संविधानाने सांगितलं की सरकारी नोकरीत स्त्री-पुरुष भेद करायचा नाही. नियमांच्या पुस्तकात मात्र भेद तसाच राहिला. सी. बी. मुथम्मा या १९४९ साली परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला. त्या सेवेचा नियम असा, की बाईने लग्न करायचं तर आधी लेखी परवानगी घ्यायची. संसारामुळे काम नीट होत नाही असं सरकारला वाटलं, तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. पुरुषाला अशी अट नव्हती. बढती नाकारली गेली तेव्हा मुथम्मा थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ साली निकाल आला. तोवर सरकारने त्यांना बढती देऊन टाकली होती. तरी न्यायालयाने असे नियम तपासून बदलायला सांगितलं.

दिल्लीपर्यंत जाणं प्रत्येकीला कसं जमणार? १९८५ साली सरकारी नोकरांच्या तक्रारींसाठी प्रशासकीय न्यायाधिकरणाचा कायदा झाला. आपल्या राज्याचं न्यायाधिकरण १९९१ साली सुरू झालं. न्यायाचं दार जवळ आलं, पण त्यावर वेळेची पाटी होती. आधी खात्याकडेच दाद मागायची. खात्याचा शेवटचा हुकूम आला की एका वर्षात न्यायाधिकरणात जायचं. खात्याने उत्तरच दिलं नाही, तर सहा महिने वाट बघायची आणि त्यानंतर एका वर्षात जायचं.

इथेच पुष्कळ जण फसले. साहेबांना एक अर्ज दिला, उत्तर नाही. दुसरा दिला, मग तिसरा. आपल्याला वाटतं, अर्ज देतोय म्हणजे प्रकरण जिवंत आहे. पण १९८९ साली राठोर नावाच्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पुन्हा पुन्हा अर्ज दिल्याने मुदत वाढत नाही. "बघू, करू" म्हणणारा साहेब आपले दिवस खात असतो.

अंगणवाडीच्या मैत्रिणींनी तर आणखी एक निकाल लक्षात ठेवावा. २००६ साली कर्नाटकातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की अंगणवाडी सेविकेचं पद हे सरकारी सेवेतलं पद नाही, म्हणून न्यायाधिकरण तिचं ऐकू शकत नाही. काम सरकारचं, रजिस्टर सरकारचं, पण हे दार तिच्यासाठी बंद. तिला उच्च न्यायालयात जावं लागतं.

मानधनावरच्या बाईसाठी एक दार मात्र उघडलं, आणि तेही अशाच एका बाईमुळे. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथीन म्हणून काम करायच्या. १९९२ साली त्यांनी एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. जे केलं ते सरकारी काम होतं, पण संरक्षण द्यायला सरकारची कुठलीच व्यवस्था नव्हती. १९९५ साली खालच्या न्यायालयात आरोपी त्या आरोपातून सुटले. त्याआधीच महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा' निकाल आला. कामाच्या जागी होणारा लैंगिक छळ हा स्त्रीच्या समानतेच्या हक्कावरचा घाला आहे, असं न्यायालयाने म्हटलं. प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती हवी आणि तक्रारीचा निकाल ठरावीक वेळेत लागावा, असंही सांगितलं. पण किती दिवसांत, ते सांगितलं नव्हतं.

समित्या कागदावरच राहू लागल्या. मग पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने तीच याचिका मानली. पूर्वी समितीपुढे सगळं सांगून झालं, तरी खातं पुन्हा पहिल्यापासून चौकशी लावायचं. तेच दुःख बाईने दोनदा सांगायचं. २००४ साली न्यायालयाने आदेश दिला की समितीचा अहवाल हाच चौकशी अहवाल धरावा.

शेवटी ९ डिसेंबर २०१३ पासून कायदा लागू झाला. त्यात कायम, हंगामी, रोजंदारी, मानधनावरची, अगदी बिनपगारी काम करणारी बाईसुद्धा येते. आणि आता दिवसही ठरले. घटना घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. त्रास वारंवार होत असेल, तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. अडचण खरी असेल, तर समिती कारण लिहून आणखी तीन महिने देऊ शकते. त्यापुढे नाही. लिहिता येत नसेल, तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आपली तक्रार घेऊन सात दिवसांत तिच्याकडे पाठवायला तालुक्याला एक अधिकारी नेमलेला असावा लागतो. चौकशी ९० दिवसांत संपवायची आणि अहवाल त्यानंतर १० दिवसांत द्यायचा, दोन्ही बाजूंना.

आता अपिलाचं बघा. समितीच्या शिफारशीवर कार्यालयाने ६० दिवसांत पावलं उचलायची असतात. निकाल पटला नाही, किंवा त्याप्रमाणे काही केलंच नाही, तर अपील ९० दिवसांत करायचं. हे ९० दिवस समितीच्या शिफारशीपासून धावतात. म्हणजे साहेब काय करतात ते बघू, असं म्हणून आपण ६० दिवस थांबलो, तर हातात ३०च उरतात. त्यात वकील गाठायचा, कागद जमवायचे, तालुक्याच्या फेऱ्या मारायच्या. म्हणून अहवाल मिळाला त्याच दिवशी कॅलेंडरवर अपिलाच्या शेवटच्या दिवसाभोवती गोल करावा.

शिकलेल्या बायकाही यात अडकतात. कोलकात्याच्या एका कायद्याच्या विद्यापीठातल्या प्राध्यापिकेने आपल्या वरिष्ठाविरुद्ध तक्रार केली. शेवटची घटना एप्रिल २०२३ची, तक्रार डिसेंबर २०२३ची. सहा महिने उलटून गेले होते. स्थानिक समितीने मुदतीवर तक्रार फेटाळली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. झालेली चूक विसरली जाऊ नये, म्हणून त्या वरिष्ठाच्या परिचयपत्रात या निकालाची नोंद राहावी, असा आदेश मात्र दिला. पण तक्रारीत खरं काय, खोटं काय, हे तपासलं गेलंच नाही.

आम्ही विचार करतो, बाई उशीर का करते? घरी कळलं तर काम सुटेल, गावात नाव निघेल, साहेब बदलून जातील, अशा शंभर गोष्टी तिच्या मनात असतात. न्यायालयांना हे अगदीच कळत नाही असं नाही. १९८७ साली कातिजी नावाच्या बाईविरुद्धच्या जमिनीच्या खटल्यात अपिलाला चार दिवस उशीर झाला होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, न्याय महत्त्वाचा, उशिराकडे जरा उदारपणे बघा. न्यायाधिकरणातही पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो. पण कातिजीच्या खटल्यात उशीर तिचा नव्हता, सरकारी कलेक्टरचा होता. त्या खटल्यात माफी कुणाला मिळाली, तेही लक्षात ठेवू.

म्हणून मैत्रिणींनो, गटाच्या हिशेबाच्या वहीत एक पान तारखांसाठी ठेवू या. काय घडलं आणि कधी, अर्ज कधी दिला, त्याचा आवक क्रमांक काय, उत्तर कधी हातात पडलं. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय कार्यालयातून उठायचं नाही. टपालाने आलेल्या पत्राचं पाकीटसुद्धा फेकायचं नाही, त्यावर तारीख असते. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबायचं कारण नाही. तालुका विधी सेवा समितीकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. आणि एखादी मैत्रीण बोलायला धजत नसेल, तर तिच्यावर घाई लादू नये, पण तिचे किती दिवस उरलेत हे तिला नक्की सांगावं.

सुप्याच्या बाजारात ज्यांनी खतं जाळली, त्यांना त्यावरची तारीख वाचता येत नव्हती. आपल्याला येते.