चौरस फुटाचा हिशेब

मुंबईत घर विकत घेण्याची रीत तशी अलीकडची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक शहर भाड्याच्या चाळींत राहत होते. १९४७ च्या कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली आणि मालकांनी तोटा पागडीतून भरून काढला. पागडी देणारा मोठी रक्कम मोजे, पण हाती येई तो केवळ भाडेकरूचा हक्क. खोली पुढे दुसऱ्याला द्यायची तर मालकाचा वाटा, बहुधा एक तृतीयांश, द्यावा लागे. तो हिशेबात न धरणाऱ्याला खोली स्वस्त वाटे. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यापर्यंत हा व्यवहार बेकायदेशीरच होता. पावती मिळत नसे.

मालकी हक्काच्या फ्लॅटांसाठी १९६३ चा ‘मोफा’ कायदा आला. आता तुलना सुरू झाली चौरस फुटाच्या भावाने, आणि खरी गफलत इथेच झाली. भिंतींच्या आतली जागा म्हणजे कार्पेट. भिंती धरल्या की बिल्ट-अप. जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा चढवला की सुपर बिल्ट-अप. हा शेवटचा आकडा कायद्याने कधी ठरवलाच नाही, त्यामुळे किती ‘लोडिंग’ चढवायचे ते बिल्डरच्या मर्जीवर. दहा हजार रुपये भावाने हजार फुटांचे घर घेतले आणि आत ६५० फूटच निघाले, तर खरा भाव १५,३८५ रुपये पडतो. शेजारच्या इमारतीतला बारा हजारांचा, पण कार्पेटवर सांगितलेला भाव गिऱ्हाइकाला महाग वाटे, तो असा.

दुसरी चूक मजल्यांची. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत परवानगी पाच मजल्यांची होती. वरचे मजले १९८० च्या दशकात बेकायदा चढले. तिथे राहणाऱ्यांना २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर घरे सोडण्याची वेळ आली. मंजूर नकाशा न पाहता मोजलेली किंमत कशी बुडते, याचे हे ठळक उदाहरण.

१ मे २०१७ पासून ‘रेरा’ हा स्थावर मालमत्तेचा केंद्रीय कायदा पूर्ण लागू झाला आणि कार्पेटवरच विक्री बंधनकारक ठरली. तरी घोळ उरला, कारण रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडी धरतात, जुन्या मोजणीत धरत नसत. शिवाय मुद्रांक शुल्कासाठीचा रेडी रेकनरचा दर चौरस मीटरचा आणि बिल्ट-अपवरचा. दलालाच्या तोंडचा भाव मात्र अजून फुटांतलाच.