खर्ड्यापूर्वीचीं बोलणीं व बातमीपत्रांची साक्ष

आमच्या बीड जिल्ह्याच्या शिवेलगत, जामखेड तालुक्यांत, खर्डें आहे. तेथील लढाई ११ मार्च १७९५ रोजीं झाली. तत्पूर्वीं पुणें व हैदराबाद या दरबारांत चाललेलीं बोलणीं कां फिसकटलीं, असें विचारल्यास बहुधा एकच उत्तर मिळतें: मुशीरुल्मुल्कानें नाना फडणिसांचा उपमर्द केला. हिशेब समजविण्यास नानांनीं जातीनें यावें, न आल्यास आणवूं, असें तो पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे यांस बोलला. पेशव्यास लंगोटी नेसवून काशीस धाडण्याच्या वल्गनाही झाल्या म्हणतात.

मूळ तंटा चौथ-सरदेशमुखीच्या थकबाकीचा. अमुक परगण्याचा वसूल कोणत्या सालचा, वजावट किती, हा मजकूर रुक्ष; तो वकील व कारभारी यांच्यापुरताच राही. दोन्ही दरबारांत परस्परांचे बातमीदार असत. शिवाय इंग्रजांचे वकील, हैदराबादेस कर्कपॅट्रिक व पुण्यास मॅलेट, कलकत्त्यास लिहीत. भर दरबारांत उच्चारलेलें वाक्य बातमीदाराच्या कानीं सहज पडे. फडांतली वजावट पडत नसे. बाजारांत गेलें तें वाक्य.

उपमर्द झालाच नाहीं, असें माझें म्हणणें नाहीं. नानांस बोलावणें ही गोष्ट वकिलाच्या समक्ष घडलेली. तिची योग्यता वेगळी. लंगोटीची कथा मात्र ग्रँट डफनें १८२६ सालीं, म्हणजे ३१ वर्षांनीं, छापली. आमच्या शास्त्रांत अशा अज्ञातवक्तृक परंपरेस ऐतिह्य म्हणतात, आणि नैयायिक त्यास स्वतंत्र प्रमाण मानीत नाहींत. संग्राहकांनीं दोहोंस एकाच दप्तरांत बांधूं नये. निजामअलीची फौज बेदराहून मांजरेच्या कांठानें आली. त्या कांठच्या गांवकऱ्यांस चंदी-वैरणीची मागणी कळली असेल. थकबाकीचा आंकडा कोण सांगणार?

तहांत मुशीरुल्मुल्कास स्वाधीन करण्याचें कलम होतें, तें अपमानाचें परिमार्जन खरें. बाकी सारा हिशेबच: दौलताबादचा किल्ला, परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, ३ कोटी रुपये. पुढें २७ ऑक्टोबर १७९५ रोजीं सवाई माधवराव वारले, पुण्यांत गादीचा घोळ माजला, आणि १७९६ सालीं नानांनीं महाडास त्याच मुशीरुल्मुल्काशीं संधान बांधून खर्ड्याचा लाभ बहुतेक परत देऊं केला. त्या प्रसंगीं काशीची आठवण कोणीं काढल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.